परसातली जाळी, कोळसा आणि धूर: मराठवाड्यातल्या हौशी मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरला माझ्या घरामागे जेमतेम दहा बाय बारा फुटांचं परस आहे. त्यात एक शेवगा, कपडे वाळवायची तार आणि दोन घमेल्यांची एक शेगडी. रविवारी तिथून धूर निघाला की गल्लीतलं कुणी ना कुणी कंपाउंडवरून डोकावतं आणि काहीतरी विचारतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे उतरवले आहेत. पाककृती फार सापडणार नाहीत. मसाल्याचं गणित चुकलं तरी जेवण होतं, आचेचं चुकलं तर गल्लीतल्या कुत्र्यांचं होतं.

ग्रिल करणं आणि स्मोक करणं एकच ना?

नाही. जाळीवर भाजताना निखारा खाली, मांस वर, आच थेट आणि काम दहा-वीस मिनिटांचं. धुरावर शिजवताना निखारा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, वर झाकण, आणि आतली हवा ११० ते १२५ अंश सेल्सिअसच्या आसपास धरून तासन्‌तास बसायचं. पहिलं म्हणजे कणीस भाजणं. दुसरं म्हणजे हुरड्याच्या आगटीत कडेच्या राखेत रताळं पुरून गप्पा मारत बसणं. ज्यानं असं रताळं खाल्लंय त्याला स्मोकिंग अर्धं आलंच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे सारखं उकरून बघायचं नाही.

यासाठी महागडी बार्बेक्यू शेगडी घ्यावी लागते का?

हौस असेल तर घ्या, लागत मात्र नाही. आज जगभर दिसणारी झाकणाची गोल शेगडीसुद्धा जुगाडातूनच आली. १९५२ साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा मधोमध कापला, खाली पाय लावले, वरच्या अर्ध्याचं झाकण केलं. वाऱ्यानं आच विस्कटते म्हणून वैतागून केलेली गोष्ट होती ती.

आपल्याकडे बांधकामाचं घमेलं आहे. एका घमेल्याच्या बुडाला बोटभर जाडीची चार भोकं पाडा, ते तीन विटांवर ठेवा, वर जाळी, त्यावर दुसरं घमेलं उपडं. उपड्या घमेल्याला एका कडेला दोन भोकं आणि मधोमध एक कडी वेल्डिंग करून घ्या. झाकण ठेवताना ती भोकं मांसाच्या बाजूला यायला हवीत, म्हणजे धूर निखाऱ्याकडून निघून मांसावरून फिरत बाहेर पडतो. नव्या घमेल्याला रंग असतो. पहिल्यांदा त्यात तासभर नुसता जाळ करा, रंग जळून जाऊ द्या, घासा, तेलाचा हात फिरवा, मगच अन्न ठेवा.

मोठं काम करायचं असेल तर २०० लिटरचं लोखंडी पिंप आडवं कापून छान शेगडी होते. फक्त त्या पिंपात आधी काय होतं ते विचारा. फवारणीचं औषध किंवा कंपनीतलं रसायन असेल तर फुकट मिळालं तरी नको. खाद्यतेलाचं असेल तर चालेल.

जाळी कुठली वापरू? कुंपणाची उरली आहे.

तिला कुंपणालाच राहू द्या. कुंपणाची, खुराड्याची जाळी जस्ताच्या मुलाम्याची असते. जस्त ४२० अंशांना वितळतं आणि निखारा त्याहून कितीतरी तापतो. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो. गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याला विचारा, त्यानं भोगलेलं असतं. स्टेनलेस स्टीलची जाळी घ्या किंवा साध्या लोखंडी सळ्या जवळजवळ वेल्ड करून घ्या.

कोळसा कुठला, आणि मिळतो कुठे?

लोणारी कोळसा, म्हणजे लाकडाचा. दगडी कोळशावर अन्न कधीच भाजायचं नाही, त्यात गंधक असतं आणि वासही जात नाही. मॉलमधल्या छोट्या पिशव्या महाग पडतात. त्यापेक्षा तुमचा इस्त्रीवाला कोळसा कुठून आणतो ते विचारा. तंदूरवाले हॉटेल आणि लोहार यांचंही दुकान बहुधा तेच निघतं.

पोत्यात हात घालून बघा. चांगला कोळसा हलका असतो, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणकतो, मोडला तर आतून काळा चमकतो. जड, तपकिरी, धागे दिसणारा तुकडा म्हणजे नीट न जळलेलं लाकूड, तो धूर ओकत राहतो. एकदा एका दुकानदारानं मला तळाचं पोतं दिलं, निम्मा चुरा आणि निम्मा कच्चा. चुरा फेकू नका, पण शेगडीत ओतूही नका. तो हवेची वाट बंद करतो.

करवंटीच्या कोळशाच्या वड्या मिळाल्या तर लांबच्या कामाला उत्तम: राख कमी, आच एकसारखी. मात्र काडी लावताच भसकन पेटणाऱ्या हुक्क्याच्या वड्या घेऊ नका, त्यांत पेट घेण्यासाठी रसायन मिसळलेलं असतं.

पेटवायला रॉकेल टाकलं तर?

कोंबडी रॉकेलच्या वासाची होईल. डिझेल, पेट्रोल तर विचारूच नका, भुवया जातात.

चिमणी करा. चिमणी म्हणजे दिव्याची नव्हे. तेलाचा १५ किलोचा पत्र्याचा डबा घ्यायचा, वरचं-खालचं दोन्ही झाकण कापायचं, खालून चार बोटं वर आडव्या सळ्या घालायच्या आणि त्या सळ्यांच्या खाली चारी बाजूंनी भोकं पाडायची. सळ्यांवर कोळसा, खाली खाद्यतेलात बुडवलेले कागदाचे दोन बोळे किंवा गोवरीचा तुकडा. गरम हवा वर पळते, खालून थंड हवा ओढली जाते, आणि पंखा न हलवता पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राखेची पांढरी साय येते. ती येईपर्यंत थांबायचं. जाड हातमोजे घालून मग ओतायचं. नवखा माणूस आणि मुरलेला माणूस यांच्यातलं निम्मं अंतर या डब्यानं मिटतं.

रस्त्याकडेची वेडी बाभूळ चालते का? लोक नावं ठेवतात.

अमेरिकेत टेक्सासच्या बाजूला मेस्कीट नावाच्या लाकडावर मांस भाजतात आणि त्याची ऐट मिरवतात. ती मेस्कीट आणि आपली वेडी बाभूळ एकाच कुळातल्या, जवळपास सख्ख्या बहिणी. आपल्याकडे ती गायरानात आणि पाझर तलावाच्या काठावर माजते, ट्रॅक्टरच्या टायरात काटे घुसवते आणि शिव्या खाते. तिकडे तिची पाकिटं विकतात.

तिचं लाकूड घट्ट, आच कडक आणि कोळसा उत्तम. धूर मात्र उग्र. म्हणून तिचा कोळसा करून जाळीवरच्या झटपट कामाला वापरा. लांबच्या कामात तिचा मुठीएवढा एखादाच तुकडा टाका. सहा तास नुसती वेडी बाभूळ जाळली तर मटण खाताना डांबरी रस्त्याची आठवण येते, हे अनुभवाचे बोल आहेत. साधी बाभूळ त्या मानानं सौम्य.

मग धुरासाठी कुठलं लाकूड चांगलं?

फळझाडांचं. माझी पहिली पसंती पेरू, दुसरी मोसंबी. जालन्याकडच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे ते फळासाठी, पण छाटणीचं लाकूडही कमी नाही: धूर हलका, किंचित गोडसर, कोंबडी आणि मासा दोन्हींना मानवणारा. २०१२-१३च्या दुष्काळात तिकडच्या कितीतरी बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी स्वतःच्या हातानं कुऱ्हाड लावली. माझ्या मावसभावाच्या बांधावर त्यातली लाकडं बरीच वर्षं पडून होती. मी पहिला धूर केला तो त्याच ढिगातल्या लाकडांवर. चव चांगली होती, पण तो जेवताना फार बोलला नाही.

आंबा चालतो, जांभूळ चालतं. बोर आणि चिंच घट्ट असल्यानं हळू जळतात, बोकडाला बरी. साल काढून घ्या, विशेषतः बागेत फवारणी होत असेल तर.

कडुलिंब नको, चव कडवट येते. निलगिरी नको, तेलकट औषधी वास लागतो. कण्हेर आणि रुई ही विषारी झाडं आहेत, त्यांची काडीसुद्धा शेगडीजवळ नको, शीग म्हणूनही नको. जुन्या फर्निचरचं लाकूड, प्लायवूड, रंगाची फळी यांना हातच लावू नका. पऱ्हाटी आणि तुराट्या फार तर चिमणीखाली पेटवणासाठी, कारण कापूस-तुरीवर किती फवारे होतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

लाकूड आधी पाण्यात भिजवायचं ना? व्हिडिओत तसंच सांगतात.

नका भिजवू. रात्रभर ठेवलं तरी घट्ट लाकडात पाणी फार खोल जात नाही. जे जातं त्याची आधी वाफ होते, तोवर निखारा थंडावतो. वर्षभर सावलीत वाळलेलं लाकूड मुठीएवढ्या तुकड्यांत वापरा. बारीक ढलप्या भसकन जळत असतील तर ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून दोन भोकं पाडा.

धूर भरपूर यायला हवा, नाही का?

उलट. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड गुदमरतंय. त्यातलं कडू, चिकट डांबर मांसावर बसतं आणि जीभ बधिर होते. हवा तो पातळ, निळसर धूर, जो उन्हात जेमतेम दिसतो. पांढरा लोट दिसला की खालची भोकं उघडा, राख झटका, आणि तो सरेपर्यंत मांस आत ठेवू नका. आच कमी-जास्त करायची ती खालच्या भोकांनी. वरची कायम उघडी ठेवायची.

आच किती आहे हे कसं कळणार?

जाळीच्या वीतभर वर तळहात धरा आणि मोजा. दोन म्हणेपर्यंत हात काढावा लागला तर आच कडक, तुकड्यांना आणि माशाला ठीक. चार-पाच म्हणजे मध्यम. आठ-दहा मोजता आले तर मंद, धुरावरच्या कामाची. आजी चुलीवर तवा तापला का हे असंच हातानं बघायची.

पण मांस आतून शिजलं का, हे हाताला कळत नाही. त्यासाठी टोकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. घमेलं फुकटचं चालेल, इथे मात्र पैसे खर्च करा.

तंगडी बाहेरून काळी, आतून लाल. काय चुकतंय?

सगळा कोळसा सगळीकडे पसरताय. निखारा एका अर्ध्यात लावा, दुसरा अर्धा मोकळा सोडा. तंगडी आधी मोकळ्या बाजूला ठेवून झाकण लावायचं, पस्तीस-चाळीस मिनिटं विसरायचं. शेवटी दोन-तीन मिनिटं निखाऱ्यावर फिरवून कातडी कुरकुरीत करायची. हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसा, ७४ अंश दिसले की सुरक्षित. तंगडी ८० पर्यंत गेली तर उलट जास्त मऊ लागते, छातीचा तुकडा मात्र ७४ च्या पुढे गेला की भुसा.

चरबी गळून भडका उडाला तर पाणी मारू नका, राख उडून जेवणावर बसते. तुकडा मोकळ्या बाजूला सरकवा, झाकण लावा. भडका मरतो. काजळी धरलेला, करपलेला भाग कापून टाका. तो चवीलाही वाईट आणि तब्येतीलाही.

बोकडाचं मटण वातड होतं. जाळीवर जमतच नाही.

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर खाटकाच्या दुकानापासून सुरू होतं.

आपण रविवारी सकाळी रांगेत उभं राहून ताजं मटण आणतो आणि दुपारी शिजवतो. रश्श्याला ते चालतं, कुकरच्या शिट्ट्या सगळं निभावून नेतात. पण कापल्यावर काही तासांत स्नायू ताठरतात आणि ते सैल पडायला साधारण दिवस जातो. म्हणून शनिवारी आणा, मीठ चोळून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, रविवारी शेगडीवर घ्या. या एका दिवसानं जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याही मसाल्यानं पडत नाही.

दुसरी गोष्ट, जनावर. आपल्याकडची काळीभोर उस्मानाबादी शेळी मांसासाठी नावाजलेली जात आहे. पण ती रानात हिंडून चरलेली असते, अंगावर चरबी बेताची. परदेशी व्हिडिओतल्या चरबीदार मांसाचे नियम तिला लावले की ती सुकते. कोवळ्या बोकडाची चाप आणि बारीक तुकडे कडक आचेवर झटपट होतात. मागची अख्खी रान, म्हणजे मांडी, मात्र धुरावरच. खाटकाला आधीच सांगा की तुकडे करू नको, नाहीतर सवयीनं त्याचा सुरा चालतोच.

रानीला हळद, मीठ, आलं-लसूण, दही आणि तिखट लावा. हवी तर कच्च्या पपईचा कीस, किलोला एक चमचा, दोन तासांपेक्षा जास्त नाही. मी एकदा रात्रभर ठेवली आणि सकाळी वरचा थर पिठल्यासारखा झाला होता. पपईतलं द्रव्य मांसाचे धागे तोडतं, थांबायचं कुठे ते त्याला कळत नाही.

आता मोकळ्या बाजूला, १२० अंशांच्या आसपास, झाकणाखाली. दीड-दोन किलोच्या रानीला मला पाच-सहा तास लागतात. आतलं तापमान ६५-७० पर्यंत बऱ्यापैकी चढतं आणि मग तासभर तिथेच अडून बसतं. इथे लोक घाबरून कोळसा ओततात. घाबरू नका. मांसातून पाणी बाहेर येऊन उडतंय आणि माठातल्या पाण्यासारखं मांसाला थंड करतंय. आपल्या कोरड्या हवेत तर हे जास्तच जाणवतं. या टप्प्यावर रान केळीच्या पानात किंवा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा, दोन चमचे तूप सोडा, परत ठेवा. स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट पापुद्रे विरघळून त्यांचा चिकट रस होतो, पण त्याला ताप आणि वेळ दोन्ही लागतात. ९२ ते ९५ अंशांना सळई लोण्यात शिरावी तशी शिरते. बाहेर काढून अर्धा तास झाकून ठेवा, मगच पाहुण्यांना हाक मारा. आधी हाक मारली तर कुणी थांबत नाही.

आतलं मांस गुलाबी दिसतंय, पाहुणे कच्चं म्हणतात.

बाहेरच्या कडेला अर्ध्या पेराएवढी गुलाबी पट्टी असेल तर ती धुराची खूण. लाकडाच्या धुरातला एक वायू मांसाच्या लाल रंगाशी जुळतो आणि तो रंग शिजल्यावरही टिकतो. थर्मामीटर दाखवा. तरी सासरेबुवा ऐकणार नसतील तर त्यांना मधला तुकडा वाढा.

येसूर चोळून भाजलं तर?

मोह होतो, पण नको. येसूर रश्श्यासाठी केलेला असतो, त्यात भाजलेल्या धान्याचं पीठ असतं. थेट आचेवर पीठ आधी करपतं आणि कडू होतं. येसूर घालून पातळ रस्सा वेगळा करा आणि धुरावरचं मटण त्यात बुडवून भाकरीशी खा. मला विचाराल तर मराठवाड्यात या प्रकाराचा शेवट असाच व्हायला हवा. बाटलीतला गोड सॉस आपल्या जिभेचा नाही.

गूळ किंवा मध लावायचा असेल तर शेवटच्या दहा मिनिटांत, मोकळ्या बाजूला. साखर कडक आचेवर लगेच काळी पडते.

जायकवाडीचा मासा जाळीवर होईल का?

होईल. मरळ मिळाली तर सोनं, काटे कमी आणि मांस घट्ट. रोहू-कटला चविष्ट, पण बारीक काटे फार, त्यामुळे पोरांच्या ताटात नको. जाळी आधी चांगली तापू द्या, तेल जाळीला न लावता माशाला लावा, आणि तो स्वतःहून सुटेपर्यंत उलटू नका. चिकटला म्हणजे अजून वेळ आहे. लगद्यासारखा होत असेल तर केळीच्या पानात बांधा.

एप्रिल-मे मध्ये करावं का?

दुपारी नको. बेचाळीस अंशांत शेगडीपुढे उभं राहणाऱ्या माणसाचीच रान होते. संध्याकाळी सहानंतर सुरू करा, आणि आभाळ भरून वावटळ उठायची चिन्हं असतील तर तो दिवस सोडा. शेतावर असाल तर कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, हाताशी पाण्याची बादली.

खरी काळजी मांसाची. साधारण नियम असा की कच्चं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्या उन्हाळ्यात रात्री आठलाही हवा त्याच्या वर असते. म्हणजे मसाला लावून ओट्यावर मुरत ठेवणं बंद, मुरवायचं ते फ्रिजमध्येच. दिवसभर लाइट गेली असेल तर ती कोंबडी पार्टीत आणू नका. कच्च्याचं ताट आणि शिजलेल्याचं ताट वेगळं ठेवा, ही चूक उत्साहात सगळेच करतात.

घरात माळकरी माणसं आहेत. आमच्यासाठी काय?

भरपूर. आमच्या आत्या माळकरी, त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळं घमेलं, वेगळी जाळी, वेगळा चिमटा आहे आणि त्यांचं आधी होतं. ‘घासून घेतली की चालते’ असं त्यांना सांगायला जाऊ नका. चालत नाही.

वांगं थेट निखाऱ्यावर टाका, साल पूर्ण काळी होऊ द्या, झाकून वाफ धरा, मग सोला. गॅसवरच्या भरतात आणि यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. कांदा सालीसकट निखाऱ्यात पुरा. हिरव्या मिरच्या आणि लसूण जाळीवर डागून ठेचा करा. पनीर बोटाच्या दोन पेरांएवढं जाड कापा, तेल लावा, कडक आचेवर एकदाच उलटा. एकादशीला रताळी आहेतच. आणि एक गोष्ट नक्की करून बघा: मीठ लावलेले शेंगदाणे ताटलीत पसरून मोकळ्या बाजूला, मोसंबीच्या धुरावर, पाऊण तास. आमच्याकडे मटणाआधी तेच संपतात.

श्रावणात माझी शेगडी अशीच चालते. आखाडात उरकलेलं असतंच.

हुरड्याच्या आगटीवर मांस भाजता येईल?

आगटी गोवऱ्यांची असते. गोवरीचा विस्तव मंद आणि टिकाऊ, त्यात ज्वारीचं कणीस खुपसलं की दाणे वाफेवर शिजतात, वर दाण्याला हिरवं आवरण असतं. मांसाला तसं आवरण नाही, गोवरीचा धूर आणि राख थेट बसते. शिवाय त्याच आगटीभोवती न खाणारी मंडळीही बसलेली असतात. जाळी वेगळी मांडा. हुरड्याचं हुरड्याला राहू द्या.

झाकण लावून वाटीत निखारा ठेवून तूप सोडतात, ते स्मोकिंगच ना?

तो धुंगार. पाच मिनिटांत वास येतो, मांस त्यानं शिजत नाही. कमी लेखू नका: वरणाला, ताकाला, भरताला धुंगारच योग्य. फक्त कुकरमध्ये मटण शिजवून वर धुंगार दिला आणि ‘सहा तास धुरावर होतं’ असं सांगितलं, तर खाणाऱ्याला कळतं.

थंड धुरावर मांस, मासे टिकवता येतात असं ऐकलं.

आपल्या हवेत नको. थंड धूर ३० अंशांच्या खाली धरावा लागतो, म्हणजे मांस तासन्‌तास कच्चंच राहतं. आपल्याकडे ते सडायला आमंत्रण. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री जाडं मीठ किंवा लाल मिरच्या धुरावर ठेवा, एवढीच हौस पुरे.

गच्चीवर केलं तर चालेल?

चालेल, पण शेगडी थेट स्लॅबवर ठेवू नका. तापलं की काँक्रीट, फरशी तडकते, कधी टवका उडतो. खाली विटांचा थर आणि त्यावर माती पसरा. प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आणि केबल लांब हव्यात.

आणि शेजारी बघा. मी पहिल्या वर्षी एप्रिलमध्ये गच्चीवर प्रयोग केला तेव्हा पलीकडच्या काकूंच्या कुरडया वाळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या दारात. ‘अहो, माझ्या कुरडयांना मटणाचा वास येतोय, आता त्या अधिकात जावयाला तळून घालू का?’ मी नवा गहू आणून दिला आणि शेगडी परसात उतरवली. वाळवणाचे दोन महिने गच्ची बायकांची असते, हे मला तेव्हा कळलं.

पावसाळ्यात पोर्चमध्ये किंवा पत्र्याच्या शेडमध्ये?

चारी बाजूंनी उघडी शेड असेल तर हो. दार बंद होणारी खोली, गॅरेज, शटर असलेलं दुकान, कुठेही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर थांबल्यावरही तो निघतच असतो. विझत आलेली शेगडी थंडीत ऊब म्हणून खोलीत नेऊन झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. डोकं जड झालं, मळमळलं, तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या.

एका वेळी कोळसा किती लागतो?

चार माणसांच्या तंगड्यांना एक चिमणीभर. रानीसाठी आधी अर्धी चिमणी, मग तासाला पाच-सहा तुकडे. नवे तुकडे बाहेर पेटवूनच घाला, कच्चे टाकले की पुन्हा तो पांढरा धूर.

उरलेल्या कोळशाचं आणि राखेचं काय करायचं?

झाकण लावून सगळी भोकं बंद करा, हवा तुटली की कोळसा विझतो आणि पुढच्या रविवारी कामाला येतो. पाणी ओतून विझवलेला पुन्हा पेटायला त्रास देतो आणि तापलेलं घमेलं वाकडं होतं. राख मात्र वरून गार दिसली तरी पोटात विस्तव धरून बसते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पूर्ण एक दिवस ठेवायची, प्लॅस्टिकच्या बादलीत किंवा उकिरड्यावर लगेच टाकायची नाही. गार झाली की थोडी थोडी खतात मिसळा. आमच्याकडची बरीचशी घमेली घासायलाच संपते, कारण मटणाच्या दुसऱ्या दिवशी ती घासायचं काम माझ्याकडे असतं आणि घरात साबण द्यायला कुणी तयार नसतं.